वाचकांचे प्रश्न : बसमध्ये बसून राहिलेली मुलगी

गेल्या अंकात किशोरांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीविषयी आम्ही एक टिपण दिले होते. त्यानंतर बडोद्यातूनच चार पत्रे आली आणि चारही पत्रे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरील कादंबऱ्यांविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिने शाळेच्या ग्रंथालयातून १९५०–६० च्या काळातील अलाबामामधल्या एका मुलीची कथा सांगणारी इंग्रजी कादंबरी आणली आणि ती वाचल्यापासून तिला दोन रात्री नीट झोप लागलेली नाही. बसमध्ये माणसांना खरोखर जागेवरून उठवत होते का आणि शाळेतल्या मुलांना खरोखर तुरुंगात टाकले होते का, असे ती पुन्हा पुन्हा विचारते. अशी पुस्तके या वयात देऊच नयेत, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे. मी काय करावे? (एक आई, दांडिया बाजार)

उत्तर : मुलीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असे आहे आणि ते तिला आडवळण न घेता द्यावे. अलाबामाची राजधानी असलेल्या माँटगमरी शहरात बसच्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असत आणि त्या भरल्या की मागे बसलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसाठी उठवले जाई. कृष्णवर्णीय उतारूंना पुढच्या दाराशी भाडे भरावे लागे आणि पुष्कळदा खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे. तेवढ्या वेळात चालकाने बस पुढे नेली आणि भाडे भरलेला माणूस रस्त्यावरच राहिला, असेही घडत असे.

मुलांच्या तुरुंगवासाचा प्रसंग त्याच राज्यातील बर्मिंगहॅम शहराचा आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये तेथे वंशभेदाविरुद्ध आंदोलन सुरू झाले, पण स्वतःला अटक करून घ्यायला मोठी माणसे पुरेशा संख्येने पुढे येईनात. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही, कारण अटक झाली की नोकरी जात असे आणि नोकरीबरोबर घरही जाण्याची भीती असे. मुलांना नोकरी नव्हती. जेम्स बेव्हल या तरुण कार्यकर्त्याने शाळकरी मुलांना बोलावण्याची कल्पना मांडली ती याच कारणाने, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना ती मान्य करायला वेळ लागला. २ मे रोजी हजाराहून अधिक मुले शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि गटागटाने बाहेर पडली, तेव्हा त्यांतील शेकडो मुलांना पकडण्यात आले. दुसऱ्या दिवशी बुल कॉनर या अधिकाऱ्याच्या हुकमावरून मुलांवर बंबाच्या पाण्याचे झोत सोडले गेले आणि पोलिसांची कुत्री आणली गेली. तुरुंग भरून गेल्यामुळे मुलांना जत्रेच्या मैदानावरही कोंडावे लागले. ऑड्री फे हेंड्रिक्स ही मुलगी तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती आणि तिने आठवडाभर कैद सोसली.

माझ्या अनुभवात मुलांची झोप उडते ती बहुधा क्रौर्यापेक्षा असहायपणामुळे. आपल्यासारख्या मुलीला कोणीतरी उचलून नेले आणि तिला काहीच करता आले नाही, असे चित्र मनात राहिले की भीती वाढत जाते. म्हणून तिला हेही सांगा की त्यांतील अनेक मुले समजून उमजून गेली होती, काही आईवडिलांनी मनाई केली असतानाही गेली होती, आणि तुरुंगात राहावे लागणार हे ठाऊक असल्याने त्यांनी दात घासायचे ब्रशही बरोबर घेतले होते. त्या एका ब्रशावर मुलीशी अर्धा तास बोलता येईल. तुम्ही तुरुंगात जायचे ठरवले असते तर पिशवीत काय भरले असते, असा प्रश्न मी एका वाचनवर्गात मुलांना विचारला होता आणि मुलांनी दिलेल्या उत्तरांत भीतीपेक्षा विचार जास्त होता.

एका ठिकाणी मात्र तिला एकटे सोडू नका. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, त्याच चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली ठार झाल्या. त्यांतील तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची. बर्मिंगहॅमवरची कादंबरी बहुधा या प्रसंगाशी येतेच. ते प्रकरण आपण तिच्याशेजारी बसून वाचावे.

सासूबाईंची काळजी खरी आहे, तिला विरोध म्हणून पाहू नये. उलट त्यांनाच विनंती करा की त्यांच्या लहानपणी गावात पाणी कोणाला कुठून मिळत असे आणि कोणाला ओंजळीत वरून ओतले जात असे, ते नातीला सांगावे. बारा वर्षांच्या मुलीला हे ऐकवणे योग्य की अयोग्य, याचा निर्णय त्या सांगता सांगता स्वतःच करतील असे मला वाटते.

प्रश्न : मी नववीच्या मुलांचा वाचनगट चालवतो. आमच्या वाचनात आलेल्या एका कथेत रोझा पार्क्स या दिवसभराच्या शिवणकामाने थकलेल्या होत्या, म्हणून बसमधील जागेवरून उठल्या नाहीत, असे रंगवले आहे. एका विद्यार्थिनीने याला आक्षेप घेतला. ऐतिहासिक कादंबरीत लेखकाने किती स्वातंत्र्य घ्यावे? (एक शिक्षक, कारेलीबाग)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचे मनापासून अभिनंदन. तिने नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

माँटगमरीत बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिल्याने १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली तेव्हा रोझा पार्क्स बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत होत्या, हे खरे. पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या माँटगमरी शाखेच्या त्या १९४३ पासून चिटणीस होत्या, शाखेच्या युवक गटाला मार्गदर्शन करत होत्या आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर या लोकशाळेत जाऊन वंशभेदाविरुद्धच्या कामाचे शिबिर करून आल्या होत्या. आपण शरीराने थकलेलो नव्हतो, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. दुखऱ्या पायांची गोष्ट सांगितली की बारा वर्षांचे काम पुसले जाते, उरते ती एक सोशिक बाई आणि एक योगायोग. पोशाखाचा रंग किंवा त्या दिवशीचा पाऊस लेखकाने कल्पनेने लिहिला तर माझी हरकत नाही. माणसाने जे केले ते का केले, याचे ज्ञात असलेले कारण मात्र बदलू नये, आणि किशोरांच्या कादंबरीत तर मुळीच नाही, कारण त्या वयाचा वाचक कारणांवरूनच जग समजून घेत असतो.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहावी. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने त्याच शहरात बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. तिच्या शाळेत नुकताच कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला गेला होता. आपण भाडे भरले आहे आणि इथे बसणे हा आपला घटनेने दिलेला हक्क आहे, असे ती ओरडून सांगत राहिली आणि पोलिसांनी तिला बेड्या घालून नेले. शहरातील पुढाऱ्यांनी तिच्या प्रकरणावर लढा उभा केला नाही. ती फार लहान होती, फटकळ होती, गरीब वस्तीतली होती, आणि काही महिन्यांनी तिला दिवस गेले. तरीही १९५६ मध्ये बसमधील भेदभावाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात जो दावा गेला त्यातील फिर्यादी स्त्रियांत ती होती आणि तिने साक्ष दिली. त्या न्यायालयाने भेदभावाविरुद्ध दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये कायम केला आणि पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी सुरू केलेला ३८१ दिवसांचा बसबहिष्कार संपला तो त्या निकालाच्या बळावर. अल्पवयीन असताना तिच्या नावावर झालेली गुन्ह्याची नोंद न्यायालयाने पुसून टाकली ती २०२१ मध्ये, ती ब्याऐंशी वर्षांची असताना.

कादंबरीला खरी जागा मिळते ती इथे, असे माझे मत आहे. अभ्यासक्रमात एका वाक्यात मावणाऱ्या व्यक्तीला कादंबरीची गरज कमी असते. ज्या मुलीला तिच्याच बाजूच्या लोकांनी, काही समजण्यासारख्या तर काही न पटणाऱ्या कारणांनी, मागे ठेवले, तिच्यासाठी तीनशे पानेही थोडी पडतील.

आणखी एक कसोटी सुचवते, कारण या विषयावरील पुष्कळ कथांत एक चूक वारंवार होते. संकटात सापडलेल्या कृष्णवर्णीय मुलाला एखादी सहृदय गोरी व्यक्ती वाचवते आणि मग कथा त्या व्यक्तीच्या चांगुलपणाची होते. अशी माणसे नव्हती असे नाही. माँटगमरीच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या बाईंनी डिसेंबर १९५५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून बहिष्कार घालणाऱ्यांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. त्यानंतर त्यांचा इतका छळ झाला की १९५७ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. मी स्वतः आयुष्यभर ग्रंथपाल होते, त्यामुळे त्यांच्याविषयी वाचताना मला आजही फार अस्वस्थ वाटते. पण ज्या ग्रंथालयात त्या काम करत होत्या तेथे कृष्णवर्णीय वाचकांना प्रवेश मिळाला तो १९६२ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने, आणि सर्वांनी एकत्र बसू नये म्हणून तेव्हा खुर्च्याच हलवण्यात आल्या. दार उघडायला लावले ते त्याच समाजातील एका तरुणाने, न्यायालयात जाऊन. मॉर्गन बाईंना कादंबरीत जागा अवश्य असावी, पण दार कोणी उघडले हे वाचकाला चुकीचे सांगितले जाऊ नये. मुलांना एवढेच विचारा : या गोष्टीत निर्णय कोण घेते?

प्रश्न : मराठीत भाषांतर करताना ‘निग्रो’ लिहावे, ‘काळे’ लिहावे की ‘कृष्णवर्णीय’? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : निवेदनात ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहावे. संवादात काळ पाळावा. १९५५ मध्ये ‘निग्रो’ हा शब्द चळवळीतील नेते स्वतःविषयी सन्मानाने वापरत असत, त्यामुळे त्या काळातील पात्राच्या तोंडी तो चालेल. साठीच्या दशकाच्या शेवटी तो मागे पडला, तेव्हा पुढच्या काळातील पात्राच्या तोंडी घालू नये. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द वेगळा आहे. त्याच्या जागी मराठीतील एखादी जातिवाचक शिवी घालण्याचा मोह काही अनुवादकांना होतो, तो टाळावा, कारण त्यामुळे अलाबामातला गोरा माणूस एकाएकी आपल्याकडच्या गावातला होतो आणि दोन्ही ठिकाणचा अपमान खोटा वाटू लागतो. ‘त्याने अशी शिवी दिली की बसमधले सगळे खिडकीबाहेर पाहू लागले’ एवढे लिहिले तरी वाचकाला पुरते.

प्रश्न : आदरणीय ताई, मी पंधरा वर्षांची आहे. आम्ही घरी मराठी बोलतो, पण माझी शाळा गुजराती माध्यमाची आहे. मला क्लॉडेट कॉल्विनवर मराठीत कादंबरी लिहायची आहे. मी अमेरिका पाहिलेली नाही. बाबा म्हणतात, आधी आपल्याकडचे लिही. मला हे लिहिण्याचा अधिकार आहे का? सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, बडोदे)

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. गुजराती शाळेत शिकणारी मुलगी मराठीत कादंबरी लिहायला बसते, याचा मला किती आनंद झाला हे इथे लिहून दाखवता येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता आज करू नकोस.

अधिकाराविषयी आधी सांगते. त्या देशाच्या आणि आपल्या या लढ्यांचे नाते तू नव्याने जोडत नाहीस. ते फार जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांना उत्तरही आले. १९५९ मध्ये किंग भारतात येऊन गेले. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. या वाटेने पुष्कळ माणसे गेली आहेत, तूही जा. मात्र वाट चालावी लागते, म्हणजे अभ्यास करावा लागतो. बसचे भाडे दहा सेंट होते. बहिष्काराची हजारो पत्रके जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने एका रात्रीत छापून काढली तेव्हा त्यांच्या मदतीला त्यांचे दोन विद्यार्थी होते. कामाला जाणाऱ्या बाया वर्षभर पायी चालल्या किंवा चर्चच्या गाड्यांतून गेल्या. किंग तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि १९५६ च्या जानेवारीत त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. असे तपशील वहीत जमव, आणि जे सापडणार नाही ते तुझ्या कल्पित पात्राला पाहू देऊ नकोस.

कॉल्विनला मात्र नायिका करू नको, असे मी सुचवते. ती खरी व्यक्ती आहे, तिने काय केले आणि तिला काय वाटले हे तिने स्वतः सांगितले आहे, आणि तिच्या मनात आपण शब्द घातले तर ते तिच्या शब्दांपेक्षा फिकेच पडतील. अटकेनंतर ओळखीच्यांनी आपल्याला टाळले, असे तिने सांगितले आहे. तुझी नायिका त्या टाळणाऱ्या मुलींतली एक असू दे. कालपर्यंत ती कॉल्विनच्या बाकावर बसत होती, आज आईच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाकावर बसते, आणि आईचे कारणही खोटे नाही, कारण आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते. ती मुलगी पूर्णपणे तुझी असेल, तिला तू हवे ते बोलायला लावू शकतेस, आणि कॉल्विन तिला जेवढी दिसते तेवढीच वाचकाला दिसेल.

आता बाबांचे म्हणणे. अमेरिकेचे लिहू नको असे ते म्हणत असतील तर मी त्यांच्याशी सहमत नाही. पण आधी एक प्रकरण इथले लिहून पाहा असे म्हणत असतील तर अवश्य लिही, कारण ती जागा तुला पायी जाऊन पाहता येईल.

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला या शहरात आले. तेही तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून ते आले होते, आणि परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. इथे राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक त्यांना बाहेर काढायला आले. त्यांनी दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती, म्हणून ते कामाटीबागेत जाऊन बसले. आपण आज सयाजीबाग म्हणतो ती हीच बाग. तिथल्या एका वडाखाली ते बसले होते असे बडोद्यात सांगितले जाते आणि त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

मी लहानपणी त्या बागेत शेकडो वेळा खेळले आहे. आमच्या शाळेत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले, हे अभिमानाने शिकवले आणि ते सगळे खरे आहे. बागेतल्या त्या संध्याकाळविषयी कोणी एक शब्द सांगितला नाही. मला ते कळले तेव्हा मी चाळिशीला आले होते. शिष्यवृत्ती देणारे शहर आणि खोली नाकारणारे शहर एकच होते. ही गोष्ट लिहिताना दोन्हींपैकी काहीही गाळू नकोस.

बागेत बसलेले असताना आपल्याला आईवडिलांची आठवण आली, निराधार झालेल्या लहान मुलांना येते तशी, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. आई ते लहान असतानाच गेली होती, वडील १९१३ मध्ये. आठ वाजता ते सामान आणायला विश्रामगृहावर परतले. तेथला रखवालदार बाहेर आला. ज्याने त्यांना जागा दिली होती तोच हा माणूस, आणि त्यांच्यावरील संकटाला आपणच काही अंशी कारण झालो असे त्याला वाटत होते. दोघांपैकी कोणालाही बोलता आले नाही. बाबासाहेबांनी पैसे दिले, त्याने ते मुकाट्याने घेतले.

त्या रखवालदाराला तुझ्या वयाची एक मुलगी होती असे धर. त्या रात्री बाप जेवायला बसला आणि ताटाकडे पाहत राहिला. तिने काय विचारले, ते लिही. पहिले प्रकरण झाले की मला पाठव.